माळव्यातला रब्बी सल्ला: ट्रॉली मंडीला निघण्याआधी घरचा वाटा

सोयाबीन खळ्यावर आलं आहे, किंवा आठवड्याभरात येईल. इंदूर जिल्ह्यात सांवेर, देपालपूर, महूच्या बाजूला आता रब्बीचा हिशेब सुरू होतो: गहू किती, लसूण किती, बटाटा लावायचा की नाही, विहिरीचं पाणी कुठवर पुरेल. या हिशेबात पिकलेल्यातलं घरात काय राहणार हे बहुतेक ठिकाणी कोणी ठरवतच नाही. सगळा माल इंदूरच्या छावणी नाहीतर लक्ष्मीबाईनगरच्या मंडीत उतरतो आणि डाळ वर्षभर किराण्यातून दोन-दोन किलो येते. भाव चढला की वरण पातळ होतं. त्याचा फटका घरात सगळ्यांना सारखा बसत नाही. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेला आणि वाटीभर खाणाऱ्या लेकराला तो आधी बसतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 72.7 टक्के मुलांत आणि 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.7 टक्क्यांत रक्त कमी निघालं. हे फक्त गरिबाघरचं दुखणं समजू नका. ट्रॅक्टर दारात उभा असलेल्या घरातही ते असतं. म्हणून पेरणीचं नियोजन करताना घरच्या ताटाचा वाटा आधी काढा, मंडीचा मग.

हरभरा: दोनदा उपयोगी

पाच माणसांच्या घरात रोज पाव किलो डाळ शिजली तर वर्षाला नव्वद किलोच्या वर लागते. त्यातली निम्मी हरभऱ्यातून भागवायची म्हटली, तर साठ-पासष्ट किलो हरभरा बाजूला काढावा लागतो. बिघ्याला चार क्विंटल उतारा धरला तर हा बिघ्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाचा माल झाला, एवढ्याने कोणाचं मंडीचं गणित बिघडत नाही. डॉलर चना, म्हणजे मोठ्या दाण्याचा काबुली हरभरा, विकायलाच लावा, त्याला भाव आहे. घरासाठी देशी हरभऱ्याच्या तेवढ्या ओळी वेगळ्या पेरा. उरलेली निम्मी गरज बांधावरची तूर आणि थोडी मसूर भागवेल. तीन डाळी घरात असल्या की स्वयंपाकातही कंटाळा येत नाही.

हरभरा पेरून तीस-पस्तीस दिवस झाले, झाड वीतभर झालं, की शेंडे खुडा. त्याने फांद्या फुटतात आणि घाटे वाढतात, हे शेतकऱ्याला ठाऊकच असतं. खुडलेला पाला मात्र अनेक जण गुरांपुढे टाकतात. तो घरात आणा. ताजा असताना लसूण-मिरची घालून भाजी करा, उरलेला सावलीत वाळवून डब्यात भरा. वाळलेला पाला पुढे आमटीत, पिठल्यात, धपाट्यात जातो. अट एकच: खुडण्याआधी त्या ओळींवर फवारणी नको. अळीचं औषध मारायचं असेल तर खुडणी उरकून मारा.

गव्हातल्या चाकवताचंही तसंच. आपल्याकडे त्याला बथुआच म्हणतात आणि तणनाशक मारून संपवतात. तणनाशकाच्या आधी टोपलीभर खुडून घ्या, मारल्यानंतर त्या शेतातलं पानही घरात आणू नका.

बीजप्रक्रिया केलेलं बियाणं उरलं तर ते धुवून दळायला नेऊ नका. बुरशीनाशक धुण्याने पूर्ण जात नाही. ते गुरांना, कोंबड्यांनाही घालायचं नाही.

गव्हात एखादा तुकडा कठिया, म्हणजे रवा-दलियाचा कडक गहू, ठेवा. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या इंदूर केंद्राने काढलेले एचआय 8663 म्हणजे ‘पोषण’ आणि एचआय 8759 म्हणजे ‘पूसा तेजस’ हे दोन्ही कठियाचेच वाण, त्यातला पूसा तेजस मध्य भारतासाठी दिलेला आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून पंचवीस तारखेपर्यंत पेरले की जमतात. त्याचा दलिया आणि रवा घरच्या लेकरांसाठी उत्तम, बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तर त्याचेच.

सोयाबीन घरात खायचं असेल तर

जिथे इतकं सोयाबीन पिकतं तिथल्या स्वयंपाकघरात ते दिसत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. सोयाबीनमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. पण कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटकही असतो, म्हणून सरळ गव्हात मिसळून दळलेलं सोयाबीन पोटाला त्रास देतं आणि मग घरात कोणी त्याचं नाव काढत नाही. पाणी आधी उकळू द्या, त्यात निवडलेले दाणे टाका, पंचवीस-तीस मिनिटं उकळा, निथळून कडक उन्हात वाळवा. भरडून टरफल पाखडा आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळा. तेलाचा अंश जास्त असल्याने हे पीठ लवकर खवट होतं, तेव्हा पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा. इंदूरच्याच सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी 127 हा त्या घटकाचा मुख्य प्रकार नसलेला वाण दिला आहे. तो लावला तरी घरात खाताना उकळूनच घ्या. परतीच्या पावसात सापडून काळे पडलेले, बुरशी धरलेले दाणे घरच्या पोत्यात नकोत.

आणि धान्य राखायला सल्फासची, म्हणजे विषारी वायू सोडणारी, गोळी टाकून त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत झोपू नका. त्या वायूने माणसं मेली आहेत, आणि लहान मूल सर्वात आधी जातं. घरापुरत्या कडधान्याला नीट ऊन द्या आणि किलोमागे चमचाभर खाद्यतेल चोळा, एवढं पुरतं.

न्हाणीमागची जागा

वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद तुकडा पुरे. मेथी आणि पालक एकदम सगळे पेरू नका. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दर पंधरा दिवसांनी दोन ओळी टाका, म्हणजे फाल्गुनापर्यंत रोज मूठभर मिळेल. गाजर, टोमॅटो, कोपऱ्यात पपईची दोन रोपं, एक लिंबू. शेवग्याचं फाटं पुढच्या आषाढात लावा. न्हाणीचं पाणी कपड्यांच्या साबणाचं असेल तर ते पपईच्या आळ्यात सोडा, पालेभाजीला नको.

सांवेरच्या बाजूला कान्ह नदीचं पाणी उपसून भाजी करणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. त्यात इंदूर शहराचं सांडपाणी आहे. त्या पाण्यावरची कोथिंबीर, गाजर, मुळा कच्चा खाल्ला की लेकराला जुलाब लागतात, आणि जुलाबात खाल्लेलं अंगी लागत नाही. घरची भाजी बोअरच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यावर घ्या.

लेकराची वाटी

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. सहा महिने पुरे झाले की वरचं अन्न सुरू, आणि दूध दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालू. इथपर्यंत अंगणवाडीताई सांगतातच. घोळ होतो तो पुढे. आपल्या घरांत बाळाला वरणावरचं पाणी देण्याची जुनी पद्धत आहे. डाळ खाली राहते, बाळाच्या पोटात पिवळं पाणी जातं आणि पोट भरल्यामुळे ते दुसरं काही मागत नाही. डाळ घोटून द्या. वाटीतलं अन्न चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट हवं.

दोन वाट्या कठियाचा दलिया किंवा तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ वेगवेगळी भाजून जाडसर दळून ठेवली की खिमट दहा मिनिटांत होतं. शिजताना त्यात पालक किंवा लाल भोपळा किसून टाका, उतरवल्यावर चमचाभर तूप आणि लिंबाचे दोन थेंब. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा आणि मध्ये एखादं पिकलेलं फळ. अंडं चालत असेल त्या घरात अंडं द्या, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वर्षाच्या आत मध चाटवू नका.

सेव-परमल (शेव-मुरमुरे) आणि चहात बुडवलेलं बिस्कीट याबाबत इंदूरच्या माणसाला सांगणं अवघडच. मोठ्यांनी खुशाल खावं. पण दीड वर्षाच्या मुलाच्या हातात रडू नये म्हणून सेव दिली की त्या वेळचं जेवण बुडतं.

आईचं काम आणि आईचं जेवण

लसणाच्या कळ्या टोचायला, बटाटा लावायला बायकाच लागतात, आणि हे काम वाकून दिवसभर चालतं. सासूबाईंनी आणि घरच्या पुरुषांनी एवढं ठरवावं: अंगावर पिणारं मूल असेल तर ती दोन-अडीच तासांनी उठेल आणि कोणी तोंड वाकडं करणार नाही. गरोदर बाईने फवारणीचा पंप, औषधाचं पाणी, फवाऱ्याचे कपडे यांपासून लांब राहावं.

गरोदरपणात रोज 27 मिलिग्रॅम लोह हवं असतं. मेथी-पालकावर एकट्याने ते भागत नाही, म्हणून चौथ्या महिन्यापासून रोजची लोह-फॉलिक अॅसिडची गोळी आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस. गोळीने काळी शौचाला होते, मळमळतं, म्हणून बायका सोडून देतात. रात्री जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, ताटात लिंबाची फोड हवी. तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढा, मागून उरलेलं नको.

बाळंतिणीसाठी अळीव घरच्या घरी होतो. नीमच-मंदसौरकडे असालिया म्हणून विकायला लावतात तोच हा. एक वाफा कार्तिकात पेरला तर घरच्या लाडवांना पुरतो. गरोदरपणात मात्र जुन्या बायका तो देत नाहीत, तो नियम मोडू नका.

सोयाबीन काढायला झाबुआ, आलिराजपूरकडून येणारी कुटुंबं लेकरं घेऊनच येतात. मजुरी ठरवताना गव्हाबरोबर डाळही ठरवा, आणि गावात पोचल्याच्या दिवशी अंगणवाडीत त्यांच्या मुलांची नावं सांगून या. सहा महिन्यांच्या वरच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या कोणत्याही मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरहून कमी भरला, तर ते मूल पोषण पुनर्वास केंद्रात, म्हणजे अतिकुपोषित मुलांवर उपचार होतात तिथे, दाखवायला न्यायचं असतं. काम संपेपर्यंत थांबायचं नाही. मंडीला जाणारी रिकामी गाडी असेल तर त्यातच आईला आणि मुलाला बसवून पाठवा.