मिनिमलिस्ट ब्रँड खरंच मिनिमलिस्ट आहे का, कसं ओळखायचं

नुसता प्लेन पांढरा टीशर्ट विकला म्हणजे ब्रँड मिनिमलिस्ट (अनावश्यक ते काढून मोजकंच ठेवणारा) होत नाही. जपानचं मुजी बघा, १९८० मध्ये फक्त ४० वस्तूंनी सुरू झालं, त्यातल्याही बऱ्याचशा खाण्याच्या होत्या, आणि मुजिरुशी र्‍योहिन या पूर्ण नावाचा अर्थच बिनशिक्क्याचा चांगला माल. त्यांचं सूत्र सोपं होतं, कच्चा माल नीट निवडायचा, बनवतानाचे फालतू टप्पे काढायचे, पॅकिंग साधं ठेवायचं. मला हे फार आवडतं, कारण यात दिसण्याआधी बनवण्याचा विचार आहे.

मग घेताना काय करायचं, तर कपडा आधी उलटा करा. प्रिंट नाही, लोगो नाही, म्हणजे वाकडी शिलाई लपवायला जागाच नाही, त्यामुळे खांद्याची शिवण सरळ आहे का, धागे लोंबतायत का ते बघाच. टीशर्टचं जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, विचारा, १८० ते २२० असेल तर सहसा अंगावर नीट बसतो आणि आरपार दिसत नाही (पांढऱ्यात तर हे हवंच). रंग मोजकेच हवेत.

आणि मागच्या वर्षीची पँट यंदाही त्याच कटमध्ये मिळते का ते नक्की विचारा.