गळणाऱ्या अंजिरांवर माझा उपाय

कॅलिफोर्नियात फ्रेस्नोतल्या घराच्या परसात अंजिराचं जुनं झाड मिळालं, पण सलग दोन वर्षं फळं गोटीएवढी झाली की पिवळी पडून गळायची. पाणी वाढवलं, तोडलं, खत घातलं. ढिम्म फरक नाही.

मी सासवडची. आमच्या पूना अंजिराला परागीभवन लागतच नाही, म्हणून हे सुचलंच नाही. झाड निघालं कॅलिमिर्ना, म्हणजे मूळचं तुर्कस्तानचं स्मर्ना. त्याला नर अंजिरातली चिमुकली गांधीलमाशी लागते, ब्लास्टोफॅगा. इथल्या बागाईतदारांनीही हेच भोगलंय. १८९९ मध्ये माशी इथे रुजली, तेव्हा कुठे त्यांची अंजिरं पिकली.

माशी डबीत विकत मिळेल म्हणून शोधत बसले. चूक! बाहेर पडल्यावर ती जेमतेम दिवस-दोन दिवस जगते. आणायची ती फळासकट. पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांकडे नर झाड होतं. जूनमध्ये त्यांनी आठ फळं दिली. एक चिरलं तर परागांची पिवळी पूड आणि त्यातून सरपटणाऱ्या काळ्या चकचकीत माद्या. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात, मला केंबरंच हवी होती!

कागदी पिशवीत दोन-दोन फळं घालून, तोंड उघडं ठेवून सावलीतल्या फांदीला टांगली. चार-पाच दिवसांनी ताजी. जास्त नकोत, माश्या फार झाल्या तर अंजिरं तडकतात. दुसऱ्या सकाळी एका फळाच्या डोळ्याशी, म्हणजे टोकाच्या बारीक छिद्राशी, तुटलेला पंख चिकटलेला दिसला. आत शिरताना तो तुटतोच.

ऑगस्टमध्ये टोपलीभर निघाली. ‘माशी खायची का?’ म्हणून नवरा अजून एकेक फोडून बघतो. फळातलं फिसिन हे पाचक एन्झाइम तिला विरघळवतं, हे सांगून झालंय.