पावसाळ्याआधी मोटारीचे टायर घेताना खर्चाचा हिशेब कसा मांडावा

नाशिकमध्ये मोटारीच्या टायरचा विषय बहुधा मे महिन्यात निघतो. जून सुरू झाला की कसारा घाटातून मुंबईला जाणे असो, शनिवारी त्र्यंबकेश्वरला जाणे असो किंवा इगतपुरीकडची नोकरी असो, रस्ता पुढचे तीन-चार महिने ओलाच असतो आणि गुळगुळीत झालेले टायर अशा रस्त्यावर दगा देतात. दुकानात गेल्यावर तीन-चार कंपन्यांचे दर ऐकवले जातात आणि बहुतेक जण एका टायरची किंमत पाहून निर्णय घेतात. माझ्या मते हा निकष अपुरा आहे. टायर सुरक्षितपणे जितके किलोमीटर चालणार, त्यातल्या प्रत्येक किलोमीटरला किती पैसे पडतात हा खरा आकडा असून तो घरी बसून काढता येतो.

आधी सध्याच्या टायरचे आयुष्य मोजावे

नव्या मोटार टायरची खाच साधारण 8 मिलिमीटर खोल असते. कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर खोली हवी आणि ती दाखवण्यासाठी खाचांच्या तळाशी लहान उंचवटे दिलेले असतात. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण जिथे दिसेल, त्याच रेषेत ते सापडतात. मोजण्यासाठी गेज नसेल तर आगकाडीचे गुल नसलेले टोक खाचेत उभे घालावे, टायरच्या पृष्ठभागाशी नखाने खूण करावी आणि ती काडी मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर ठेवून पाहावी. प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी मोजावे, कारण अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडलेले असेल तर बाहेरून चांगला दिसणारा टायर आतल्या कडेला गोटा झालेला असतो.

कायदा 1.6 म्हणत असला तरी पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने 3 मिलिमीटर हीच आपली मर्यादा मानावी, असे मी आग्रहाने सांगेन. खाचांचे काम पाणी बाहेर फेकण्याचे असते. त्या उथळ झाल्या की वेगात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो, गाडी त्यावर तरंगू लागते आणि मग ब्रेक व स्टिअरिंग या दोन्हींचा उपयोग उरत नाही. हिशेबासाठी याचा अर्थ असा की 8 मिलिमीटरपैकी आपल्या वापराचे फक्त 5 मिलिमीटर, 6.4 नव्हेत. दुकानदार एखादा टायर झिजेपर्यंत 45,000 किलोमीटर चालतो असे म्हणाला, तर आपण सुमारे 35,000 धरावेत.

दर विचारताना संपूर्ण बिलाचा दर विचारावा

टायरची किंमत, जीएसटी, नवे व्हॉल्व्ह, बसवणावळ, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि जुन्या टायरची वजावट, हे सर्व धरून चार टायरचा एकच आकडा मागावा. मोटारीच्या टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे त्याआधीचे दर मनात धरून तुलना करू नये. पक्के बिल न घेता थोडे पैसे वाचवण्याची सूचना कोणी केली तर ती नाकारावी, कारण पुढे साइडवॉलवर फुगा आला तर बिलाशिवाय वॉरंटीचा दावा करणे अवघड जाते. सिएटचा कारखाना सातपूरला असल्यामुळे स्थानिक टायर नाशिकमध्ये स्वस्त मिळेल असे काहींना वाटते. तसे गृहीत न धरता दोन-तीन दुकानांत दर विचारावेत.

आता भागाकार करावा

पुढचे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी आपल्याला मिळालेले आकडे घालावेत. समजा, साधा नवा टायर 5,000 रुपयांचा आहे. चारांचे 20,000, इतर खर्च 2,000 आणि जुन्यांची वजावट 1,000 धरली तर एकूण 21,000 रुपये होतात. 35,000 किलोमीटरने भागले की किलोमीटरला 60 पैसे पडतात. दुसरा टायर 6,500 रुपयांचा, 60,000 किलोमीटर चालतो असे सांगितलेला. म्हणजे आपल्या मर्यादेपर्यंत सुमारे 47,000. एकूण 27,000 रुपये, म्हणून किलोमीटरला सुमारे 57 पैसे. तिसरा पर्याय वापरलेल्या टायरचा: एक 1,800 रुपयांना, चारांचा निव्वळ खर्च 8,200. पण त्यांची खोली 4.5 मिलिमीटर असेल तर आपल्यासाठी केवळ दीड मिलिमीटर उरतो, आणि साध्या टायरच्या झिजेने पाहिले तर तो 10,500 किलोमीटरच पुरतो. किलोमीटरला 78 पैसे! बसवणावळ दर वेळी नव्याने द्यावी लागते ती वेगळीच. खिशातून सर्वांत कमी पैसे ज्यात जातात, तोच पर्याय इथे सर्वांत महाग ठरतो. शिवाय वापरलेल्या टायरच्या आत काय जखम आहे हे बाहेरून कळत नाही; घाटात किंवा महामार्गावर नेण्याच्या गाडीला तो मी सुचवणार नाही.

मात्र महाग टायर सर्वांनाच स्वस्त पडतो असेही नाही. गाडी कॉलेज रोड ते सातपूर एवढीच फिरत असेल आणि वर्षाला 6,000 किलोमीटरच होत असतील, तर 47,000 किलोमीटर पुरे व्हायला जवळजवळ आठ वर्षे लागतील. तोपर्यंत रबर वयामुळे कडक होऊन तडकू लागलेले असते. सहा वर्षांनी टायर बदलायचे ठरवले तर 36,000 किलोमीटरच पदरात पडतात आणि तोच टायर 75 पैशांना जातो. अशा घराने साधा नवा टायर घ्यावा. याउलट दर आठवड्याला मुंबईला जाणाऱ्याने जास्त चालणारा घ्यावा, पण घेताना ओल्या रस्त्यावरची पकड कशी आहे हे स्वतंत्रपणे विचारावे. जास्त टिकण्यासाठी केलेले कडक रबर पाण्यात कधी कधी पकडीला कमी पडते.

हिवाळी टायरचा पर्याय

परदेशात राहणाऱ्या मुलांकडून ऐकून काही जण याची चौकशी करतात. हे टायर 7 अंशांखालच्या थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचे असतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च ते सक्तीचे असून तिथे दोन संच बाळगण्याचा खर्च हिशेबात धरावाच लागतो. निफाडला जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा 5 अंशांखाली जातो हे खरे, पण दुपारी ऊन असते आणि मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. त्या उन्हात हे रबर भराभर झिजेल. आपल्याकडे थंडीत हवेचा दाब पाहणे पुरेसे आहे: तापमान 10 अंशांनी उतरले की दाब साधारण दोन पीएसआयने उतरतो.

पैसे देण्यापूर्वी टायर हातात घेऊन पाहावा

कडेला डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2325 असेल तर टायर 2025 च्या तेविसाव्या आठवड्यातला. सवलतीत दिला जाणारा माल दोन-अडीच वर्षांचा निघाला तर तेवढे आयुष्य गोदामातच गेले असे समजून दर कमी करून घ्यावा. आकारापुढचा भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) आणि वेगाचे अक्षर (तो किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारे) गाडीच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे किंवा त्याहून वरचे असावे. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून नाशिककरांना 120 च्या वेगमर्यादेचा रस्ता जवळ आला आहे, त्यामुळे या बाबतीत तडजोड करू नये.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवून घ्यावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाला जमत नाही. पुष्कळ दुकानांत नवे टायर आपसूक पुढे लावले जातात, म्हणून हे आधीच सांगावे. शेवटी बिलावर त्या दिवशीचे मीटर लिहून ठेवावे, दर 10,000 किलोमीटरला टायर पुढे-मागे फिरवून घ्यावेत आणि त्याच वेळी खोली मोजावी. प्रत्येक मिलिमीटरला किती किलोमीटर पडले हे त्यातून कळते आणि पुढच्या खरेदीत दुकानदाराच्या आकड्याऐवजी स्वतःचा आकडा वापरता येतो.