रूट कॅनाल फसलं? दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी हे करा

रूट कॅनाल करून कॅप बसवली, तरी दाढ पुन्हा ठणकते आणि दुसरा डॉक्टर नव्याने पूर्ण खर्च सांगतो. काम सुरू करण्याआधी:

१. पहिल्या डॉक्टरांकडून बिल, केसपेपर आणि उपचाराआधीचे-नंतरचे एक्स-रे मागून घ्या. एक्स-रे मोबाइलवर मिळाले तरी चालतात.

२. दुसऱ्या डॉक्टरांकडून जुनी कॅप काढण्यापूर्वीच नवा एक्स-रे काढून घ्या. दोष नेमका काय (दाढेच्या मुळातला एखादा कॅनाल म्हणजे नळी राहून गेली, भरण अपुरं झालं) ते आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च लिहून घ्या. ही पायरी सर्वांत महत्त्वाची, कारण कॅप निघून दाढ उघडली की मूळ काम कसं होतं हे दाखवणं फार अवघड जातं.

३. हे कागद घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे जा आणि भांडण न करता विचारा, "पुन्हा मोफत करून देता की पैसे परत करता?" जे ठरेल ते लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.

४. दाद लागली नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण २ वर्षं असते. डॉक्टरांना दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

हातात पैसेच नसतील, तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खर्च खूपच कमी येतो. वेळ मात्र काढावा लागतो.

गालाला सूज, ताप किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तर कागदांसाठी थांबू नका. आधी उपचार घ्या.