जॉइनिंगच्या तोंडावर आजारी पडलात तर

नवीन नोकरी सोमवारी सुरू होणार आणि शनिवारी ताप १०२, अशा वेळी बहुतेक जण घाबरून गप्प बसतात आणि सोमवारी सकाळी कळवतात, तिथेच गडबड होते. त्यापेक्षा हे करा:

१. बरं वाटत नाहीये हे कळल्या दिवशीच एचआरला फोन करा, मॅनेजरचा नंबर असेल तर त्यांनाही. सुट्टीचा दिवस असला तरी मेसेज टाकून ठेवा.

२. फोन झाला की लगेच मेल, चार ओळी पुरेत. आजारी आहे, डॉक्टरांनी इतके दिवस आराम सांगितलाय, अमुक तारखेला जॉइन होऊ शकेन, चालेल का? "बरं वाटलं की येतो" असं मोघम लिहू नका, तारीख द्या, आणि ती बरं व्हायच्या अंदाजापेक्षा एक-दोन दिवस पुढचीच द्या कारण दुसऱ्यांदा तारीख बदलायला सांगणं फार अवघड जातं. आजाराची सगळी कहाणी सांगायची गरज नाही.

३. डॉक्टरांकडून तारखेसकट सर्टिफिकेट आजच घ्या, नंतर मागच्या तारखेचं मिळवायला त्रास होतो.

साधी सर्दी असेल आणि काम घरून होण्यासारखं असेल तर पहिले दोन-तीन दिवस घरून चालेल का तेही विचारून बघा, म्हणजे जॉइनिंग डेट तीच राहते.

फक्त एक, नवीन तारीख मेलवर लेखी आल्याशिवाय ठरली असं धरू नका, ऑफर लेटरवर अजून जुनीच तारीख असते.