लाल साडीतली बाई

कोल्हापूरच्या शाहू स्मारकच्या कलादालनात आमच्या चित्रकलेच्या वर्गाचं प्रदर्शन लागलं होतं. माझं पंचगंगा घाटाचं जलरंगातलं चित्र दारापासून तिसरं होतं. एक वयस्कर गृहस्थ आले, चष्मा कपाळावर सरकवला, वाकून बघितलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "हे त्यांचंच बघा, हात लपत नाही." त्यांनी नाव घेतलं ते आजच्या एका नामवंत जलरंगकाराचं. खाली माझ्या नावाची चिठ्ठी होती, ती त्यांनी वाचलीच नव्हती.

आधी गुदगुल्या झाल्या. दसरा चौकातून राजारामपुरीतल्या खोलीवर पोचेपर्यंत मात्र पोटात कालवाकालव सुरू झाली. चित्र परत आणल्यावर भिंतीला टेकवून नीट बघितलं. घाटाच्या पायऱ्यांवर लाल साडीतली एक बाई होती, तीन फटकाऱ्यांत काढलेली. मी घाटावर बसले होते त्या सकाळी तिथं लाल साडी नव्हतीच. दोन म्हशी होत्या, गाडी धुणारा एकजण होता आणि निर्माल्याच्या पिशव्यांची बरीच घाण होती. ती बाई त्या नामवंत जलरंगकाराच्या चित्रांतली होती. सावलीतला जांभळाही त्यांचाच. ते समुद्राकाठच्या शहरात काम करतात. तिथली ओलसर, पुसट हवा मी आमच्या काळ्या दगडाच्या घाटावर आणून ठेवली होती.

हे सगळं लिहितेय ते यंदा फाउंडेशनला किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना ए ग्रेड घेऊन गावाकडून येता, वर्गात सगळेच ए ग्रेडवाले असतात, आणि मग प्रत्येकजण रात्री मोबाइलवर कुणाचा तरी हात बघून तसा हात वळवायला बसतो. मीही गडहिंग्लजहून आले तेव्हा तेच केलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त मी गणिताच्या वहीतलं शेवटचं उत्तर तेवढं उतरवून घेत होते, रीत घेत नव्हते. उत्तर त्यांच्या गणिताचं होतं, माझं गणितच वेगळं होतं.

आमच्या सरांना चित्र दाखवलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "टाऊन हॉलला जा. आबालालांच्या चित्रापुढं तासभर उभी राहा. मोबाइल पिशवीत."

टाऊन हॉल म्हणजे सीपीआर रुग्णालयासमोरचं वस्तुसंग्रहालय. कोल्हापुरात वाढलेली मुलंसुद्धा शाळेच्या सहलीनंतर तिकडं फिरकत नाहीत. बहुतेकांना ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ती छोटी रोमन समुद्रदेवाची मूर्ती तेवढी आठवते. आत चित्रांचं दालन आहे, याचा मला पत्ताच नव्हता.

आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि मुंबईत न थांबता कोल्हापूरला परत आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आसरा दिला. पुढं कोटितीर्थ तलावाजवळ राहून रंकाळा, पंचगंगा, आसपासची झाडं आणि तळी ते काढत राहिले. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडून दिली, असं इथं अजून सांगतात. १९३१ मध्ये ते वारले. एवढं मला परीक्षेपुरतं पाठ होतं.

समोर उभं राहिल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती आकार. चित्र लहान होतं. दुसरी, काचेत माझंच तोंड दिसत होतं. मग डावीकडं सरकून तिरपं बघितलं. चार पावलांवरून झाड होतं, सकाळचं, दवात असल्यासारखं. नाक काचेला लागेल इतकं जवळ गेले तर झाडाला एकही पान नव्हतं. ठिपके होते. खाली गडद, मातकट हिरवा आणि त्यावर फिकट हिरव्याचे, पिवळ्याचे, कुठं कुठं चक्क निळसर करड्याचे बारीक ठिपके. मागं गेलं की पानं, पुढं गेलं की ठिपके. मी पाच-सहा वेळा पुढं-मागं झाले तेव्हा तिथला पहारेकरी म्हणाला, "काय बघालाय एवढं? काय हरवलंय काय?"

आम्हाला जलरंग शिकवतात तो फिकटाकडून गडदाकडं. कागदाचा पांढरा हाच उजेड, तो आधी राखायचा, मग थरावर थर देत खाली उतरायचं. एकदा झाकलेला पांढरा परत मिळत नाही. समोरचा माणूस उलट चालला होता. अंधार आधी, उजेड वरून, तोही दाट अपारदर्शक रंगानं. कोल्हापूरच्या झाडीत उजेड असाच पडतो. आंब्याच्या गर्द झाडाखाली उभं राहा, काळोखच जास्त असतो आणि त्यातून उजेडाचे कवडसे येतात. मुंबईच्या समुद्रावर तसं नाही. म्हणजे त्यांनी ठिपके 'स्टाइल' म्हणून घेतले नसावेत, असं मला वाटलं. समोरचं झाड तसं होतं म्हणून घेतले. हा माझा अंदाज. आबालालांनी काही लिहून ठेवलेलं मी वाचलेलं नाही. पण या अंदाजावर माझी पुढची दोन वर्षं गेली.

मग नक्कल केली. हो, नक्कलच. नव्या मुलांना 'ओरिजिनल करा' असं पहिल्या दिवशी सांगणाऱ्यांचं मला काही कळत नाही. गवयाचा मुलगा आधी बापाची तान घेतो, तालमीतलं पोरगं आधी वस्तादाचा डाव घोटतं. चित्रातच कुठून एवढं सोवळं आलं?

पण नक्कल करायची ती चित्राची नाही, चित्र होण्याच्या क्रमाची. मी पेन्सिल आणि छोटी वही घेऊन जायची. पहिल्या दिवशी आगपेटीएवढ्या चौकटीत फक्त तीन टोन: काळा, करडा, कोरा. नुसतं एवढं केलं तरी चित्राचा सांगाडा हातात येतो. दुसऱ्या खेपेला रंगांची नावं लिहून आणली, खोलीवर येऊन ते मिसळायचा प्रयत्न केला, आणि नमुन्याच्या पट्ट्या घेऊन परत ताडून बघायला गेले. हिरवा कधीच जुळला नाही. तयार ट्यूबमधला हिरवा वापरणं त्या आठवड्यात सुटलं ते सुटलंच. आता पिवळी माती आणि निळा, त्यात चिमूटभर तांबडा. तिसऱ्या खेपेनंतर ३०० जीएसएमच्या जाड कागदावर खरोखरची नक्कल. आधी गडद वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, तो खडखडीत वाळू दिला, मग पोस्टर कलरमधला पांढरा मिसळून ठिपके. पहिले तीन कागद फुकट गेले. पाणी जास्त झालं की खालचा थर उठतो आणि सगळा चिखल होतो. रंग सायीइतका दाट लागतो आणि ब्रश टेकवून लगेच उचलायचा, फिरवायचा नाही. हे कुठल्याही व्हिडिओत कळलं नसतं, कारण मला तो प्रश्नच पडला नसता.

नक्कल बरी जमली त्या दिवशी तिच्या मागं लिहिलं, 'आबालालांच्या चित्रावरून', तारीख घातली आणि ती पोटमाळ्यावर टाकली. ही सवय लावून घ्या. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळं आबालालांसारख्यांची नक्कल करायला अडचण नाही. हयात माणसाच्या चित्रावरून अभ्यास करा, पण विकू नका, प्रदर्शनात लावू नका, आणि इन्स्टाग्रामवर टाकलंच तर त्याचं नाव घाला. संग्रहालयात फोटो काढायच्या आधी विचारा.

खरी परीक्षा रंकाळ्यावर. मी संध्यामठ धरला. पाणी भरलं की हा दगडी मठ बराचसा बुडतो, उन्हाळ्यात उघडा पडतो. जानेवारी ते मे, आठवड्यातून दोनदा, सकाळी साडेसहाला, एकाच जागेवरून. ठिपके घेऊन गेले होते. झाडांना चालले, पाण्याला अजिबात चालले नाहीत. पाणी पुरळ उठल्यासारखं दिसायला लागलं. शिवाय आबालालांच्या रंकाळ्यावर आजच्यासारखी जलपर्णी आणि पलीकडं इमारतींची रांग कुठली असणार? मार्चच्या सुमाराला मठाच्या दगडावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेघा दिसायला लागल्या, फिकट, एकाखाली एक. त्या कशा काढाव्यात हे मला कुणाच्याच चित्रात सापडलं नाही. शेवटी कोरड्या सपाट ब्रशनं आडवं ओढलं आणि ओलं असतानाच बोटानं पुसलं. दगड दिसला. तो तुकडा दोन इंचांचा असेल. पण तो मी कुठूनही आणला नव्हता.

इथं एक सांगायलाच हवं. आपल्याच माध्यमातला कलाकार गुरू करायचा, असा काही नियम नाही. बाबूराव पेंटरांकडं बघा. कलेच्या शाळेत न गेलेला माणूस, भाऊ आनंदरावांबरोबर नाटकाचे पडदे रंगवायचा. पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला, आणि प्रसंग, वेशभूषा यांची आधी रेखाटनं करून मग चित्रण केलं. पडद्यावरचा खोलपणा, उजेड-अंधार, हे सगळं तो सिनेमात घेऊन गेला. आमच्या वर्गातला एकजण आता पुण्यात अॅनिमेशन करतो. तो म्हणतो, मला जलरंग कधी आला नाही पण बाबूरावांची ती रेखाटनांची सवय लागली. त्याचा पगार माझ्या तिप्पट आहे, हे जाता जाता.

त्या नामवंत जलरंगकारांची चित्रं मी अजून बघते. आता वेगळं बघते: कागद किती ओला असताना त्यांनी ब्रश टेकवला असेल, कुठं थांबले असतील. लाल साडीतली बाई दिसली की हसू येतं.

गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी खोलीवर आली. तिनं रंकाळ्याचं चित्र आणलं होतं. मठाच्या दगडावर आडव्या रेघा, बोटानं पुसलेल्या. माझ्या चित्रावरून, उघडच. पाणी मात्र तिच्या चित्रात काठोकाठ होतं. मी विचारलं, "एवढं पाणी असताना रेघा दिसल्या तुला?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, मी तिथं गेलेच नाही अजून."

चला म्हटलं टाऊन हॉलला, आधी आबालाल दाखवते. निघालो आणि आठवलं, सोमवार, बंद असतो. मग गाडी रंकाळ्याकडं वळवली. चार वाजले होते, उन्हाचा नुसता भपकारा, चित्र काढण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं वही काढली.