संयोजी ऊतींच्या आनुवंशिक आजारांवर संशोधन : मुंबईत सुरुवात कशी करावी

मार्फान, एहलर्स-डॅनलॉस, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हे संयोजी ऊतींचे, म्हणजे शरीराला आधार देणाऱ्या ऊतींचे आजार प्रामुख्याने फायब्रिलिन, कोलॅजेन अशा प्रथिनांच्या जनुकांतल्या बिघाडामुळे होतात. या विषयात यायचं असेल तर सिक्वेन्सिंगपासून, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्यापासून, सुरुवात करू नका. ते काम पैसे भरले की बाहेरून करून मिळतं. रुग्ण नीट तपासणं, घराण्याची माहिती काढणं आणि पेशी जिवंत ठेवणं हे मात्र स्वतःच शिकावं लागतं, आणि निष्कर्ष टिकतो तो त्याच्याच जोरावर.

एमएस्सीनंतर नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळवा. परळला केईएम रुग्णालय, वाडिया बालरुग्णालय आणि आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) दोन संस्था एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे रुग्ण आणि प्रयोगशाळा यांची सांगड घालायला हा भाग सोयीचा. मार्गदर्शकाला तीनच गोष्टी विचारा : कल्चर रूम (पेशी वाढवण्याची खोली) चालू आहे का, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, आणि डोळे, हाडं व हृदय या तिन्ही ओपीडींतले डॉक्टर रुग्ण पाठवतात का. मार्फानचा एकच माणूस भिंग सरकलं म्हणून एकीकडे आणि पाठीला बाक आला म्हणून दुसरीकडे जातो. महाधमनीचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, राहूनच जाते.

पीएचडीसाठी हायपरमोबाइल (सांधे जास्त लवचिक असणारा) एहलर्स-डॅनलॉस घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. २०१७ च्या वर्गीकरणातल्या १३ प्रकारांपैकी नेमका याच प्रकाराचा जनुकीय आधार सापडलेला नव्हता. त्याच्या शोधात फेलोशिपची वर्षं संपतील.

मार्फानची तपासणी २०१० च्या सुधारित घेंट निकषांनुसार, म्हणजे त्याच्या निदानाच्या गुणपद्धतीनुसार, करा. अंगठा आणि करंगळीने दुसऱ्या हाताचं मनगट वेढायला सांगा. अंगठ्याच्या टोकाखाली करंगळीचं नख पूर्ण झाकलं गेलं तर मनगटाची खूण आहे. मग अंगठा आत घेऊन मूठ वळायला सांगा. अंगठ्याचं शेवटचं पेर पूर्ण बाहेर आलं तर अंगठ्याची खूण. दोन्ही असतील तर ३ गुण, एकच असेल तर १.

वंशावळ किमान तीन पिढ्यांची काढा. ‘घरात कोणाला हा आजार आहे का’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’च येईल. ‘तरणंताठं कोणी अचानक गेलं का’ असं विचारा. ‘ॲटॅकने गेला’ असं सांगितलेला मृत्यू शवविच्छेदन झालं नसेल तर महाधमनी फाटल्यामुळेही झालेला असू शकतो. ‘मामाची मुलगी केली आहे का’ हेही थेट विचारा. अप्रभावी प्रकारांत, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच होणाऱ्या आजारांत, ते कळीचं ठरतं.

त्वचेची बायोप्सी ३ ते ४ मिमी पंचने (गोल तुकडा कापणाऱ्या हत्याराने) घ्या आणि थेट कल्चर माध्यमात टाका. सवयीने कोणी फॉर्मॅलिनमध्ये टाकली तर पेशी मेल्या, नमुना गेला. म्हणून बाटली आपणच भरून द्यावी. जवळपास १ मिमीचे तुकडे करून प्लेटला काही मिनिटं चिकटू द्या, मग डीएमईएम हे कल्चर माध्यम आणि १० ते २० टक्के सीरम अगदी थोडं, हळूच घाला. तुकडा तरंगला की त्यातून पेशी बाहेर येत नाहीत. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. एक-दोन आठवड्यांत कडेने फायब्रोब्लास्ट (कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी) दिसू लागतात. पहिल्या काही पॅसेजमध्येच (पेशी नव्या प्लेटमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांत) १० टक्के डीएमएसओ या गोठणरक्षक द्रवात गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी हा मोठा शत्रू : इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, पुठ्ठ्याची खोकी कल्चर रूममध्ये येऊच देऊ नका.

कोलॅजेन मोजताना नव्या माणसाला हमखास नडणारी गोष्ट म्हणजे क जीवनसत्त्व. प्रोलिन हायड्रॉक्सिलेट करणाऱ्या एन्झाइमला ॲस्कॉर्बेट लागतं. ते नसेल तर निरोगी पेशींचं कोलॅजेनही नीट वळत नाही आणि कंट्रोलच आजारी दिसतो. मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम घाला, तेही रोज ताजं, कारण माध्यमात ते लवकर नष्ट होतं. आरएनए काढण्याआधी काही तास सायक्लोहेक्सिमाइड (प्रथिननिर्मिती थांबवणारं रसायन) द्या. नाहीतर बिघडलेल्या जनुकाचा अकाली थांबणारा आरएनए संदेश पेशी स्वतःच नष्ट करते आणि तुम्हाला फक्त चांगली प्रत दिसते.

व्हेरियंट (जनुकातला बदल) सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही. कोलॅजेनच्या तिहेरी वेटोळ्यात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन असतं, ते बदललं तर संशय बळावतो. फायब्रिलिन-१ मध्ये सिस्टीन हे अमिनो आम्ल बदललं तरी तसंच. तरी आईवडिलांचे नमुने तपासा आणि इंडिजेनसारख्या भारतीयांच्या जनुकीय माहितीच्या संचात तो व्हेरियंट किती जणांत आहे ते बघा. संशोधनातला निकाल कुटुंबाला तसाच देऊ नका. नवा नमुना घेऊन मान्यताप्राप्त लॅबमधून पडताळा, मग समुपदेशकाबरोबर बसून सांगा, आणि मार्फान असेल तर भावंडांच्या इकोची तारीख त्याच भेटीत ठरवा.